हात जोडलेला देव

गुरुवारी सकाळी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामांमधल्या रस्त्यावर ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवायचा नाही, असा नवा कायदा झाला होता. तो सरकारनं केलेला नव्हता. विठूनं केला होता, आणि सरकारी कायद्यापेक्षा जास्त पाळला जात होता. बारा चाकांचे कंटेनर गपगुमान कडेला लागायचे, ड्रायव्हर चपला काढून उतरायचे आणि पत्र्याच्या शेडपुढच्या रांगेत उभे राहायचे. रांगेत अंबाडीकडून पहिल्या एसटीनं आलेल्या बाया असायच्या. कापडाच्या लूमची रात्रपाळी संपवून तशीच आलेली उत्तरेकडची पोरं असायची, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी घेऊन. एका मोठ्या गोदामाचा शिकलेला सुपरवायझरही यायचा. तो रांगेत दिसायचा नाही, कारण त्याला मागच्या दारानं आत घेत.

शेडमध्ये मौनीदेव होते. कंबरेइतक्या उंचीची काळ्या दगडाची मूर्ती, तीन महिन्यांपूर्वी नव्या गोदामाचा पाया खणताना जेसीबीच्या दातांत सापडलेली. डोकं गुळगुळीत, कान लांब, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात छातीशी जोडलेले. नाकाचा शेंडा तेवढा जेसीबीनं नेला होता. विठू तेव्हा साइटवर वॉचमन होता. त्याआधी तो भिवंडीत एका सायझिंगच्या कारखान्यात होता, त्याआधी आणखी कुठेतरी. कुठेच टिकला नव्हता. देव सापडला आणि विठू टिकला.

"मौनीदेव बोलत न्हाय!" विठू ओरडून सांगायचा. देव मौनी असल्यामुळे बोलण्याचं सगळं काम त्याच्यावरच पडलं होतं. "बोलणारे देव लय झाले, सकाळपासून टीव्हीवर बोलतात. आपला देव खांद्यानं बोलतो! ए भाई, मोबाइल अंदर रख! फोटो निकाला तो नेटवर्क कट जाएगा, नीचेवाला भी और ऊपरवाला भी!"

भाई घाईघाईनं मोबाइल खिशात घालायचा.

खांद्यानं बोलतो म्हणजे कौल देतो. या भागात ही रीत जुनी आहे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. गावोगावच्या देवळांत हे चालतं आणि तिथे देव कधी हो म्हणतो, कधी नाही म्हणतो, कधी दोन्ही पाकळ्या तशाच ठेवून माणसांना ताटकळत बसवतो. मौनीदेव मात्र ताटकळत ठेवत नसत. पाच मिनिटांत निकाल, आणि तोही नेहमी होकाराचा. म्हैस सापडेल का? सापडेल. पोराला ड्युटी लागेल का? लागेल. ज्यांचं झालं ते नारळ घेऊन आले. ज्यांचं झालं नाही ते सांगायला कशाला येतात!

देवाला शेंदूर नाही, तेल नाही, हार नाही, पुढ्यात फक्त दक्षिणेचं ताट. "तपस्वी हाय," विठू म्हणायचा. "कुनी हात लावला तर तप मोडतं." विठूचा हात लागून ते कसं मोडत नव्हतं, हे कुणी विचारलं नाही.

माधवीचा हा पाचवा गुरुवार होता. पुढे सासू आनंदीबाई, मध्ये दहा वर्षांची मुलगी पूर्वी, मागे माधवी. ती चल म्हटलं की चालायची, थांब म्हटलं की थांबायची. गेल्या पाच आठवड्यांत तिला भूक लागली नव्हती आणि भूक लागत नाही याचं काही वाटलंही नव्हतं. लोक बोलायचे ते लूमच्या खडखडाटात उभं राहून कुणी बोलावं तसं तिला ऐकू यायचं. ओठ हलताना दिसायचे, अर्थ मागाहून पोचायचा, कधी पोचायचाही नाही.

विठूनं तांब्यात पाकळ्या बुडवल्या. तगरीच्या, पांढऱ्या. एक डाव्या खांद्यावर दाबून बसवली, एक उजव्या खांद्यावर ठेवली.

"देवा मौनी, ह्या माऊलीचा लेक दिनेश. गोदामाला आग लागली तवापासून घरी न्हाय. दिनेश जिता हाय का? जिता असंल तर उजवा दे!"

रांगेतल्यांनी माना उंचावल्या. पाकळी उजव्या खांद्यावरून घसरली, दंडावर क्षणभर थांबली आणि खाली पडली.

"जिता हाय!" विठू ओरडला. आनंदीबाईंनी कपाळ जमिनीला लावलं आणि त्या रडू लागल्या. मागच्या बायाही रडू लागल्या. माधवी रडली नाही. रडायचं कसं, हेच जणू ती विसरून गेली होती.

"आनि पोलिसांना रगत देऊ नये, बरोबर ना देवा?" विठूनं पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी पडली. "बगा, देव रगत नको म्हंतो. जित्या मान्साच्या नावानं मेलेल्याची तपासनी केली तर त्याचं आयुष्य कमी होतं."

मग त्यानं डाव्या खांद्याला चिकटून राहिलेली पाकळी नखानं सोडवून माधवीच्या हातावर ठेवली. "पडलेली देवाची, ऱ्हायलेली तुमची. देवानं जवळ धरून ठेवली, तसा तुजा नवरा धरून ठेवलाय. जपून ठेव."

एवढ्यात पूर्वीनं मान वर करून मूर्तीकडे बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "पण हा देव कुणाच्या पाया पडतोय?"

"काय गं?"

"यानं हात जोडलेत ना? आपण देवाला हात जोडतो. मग देव कुणाला जोडतोय?"

रांगेतलं कुणीतरी खुसकन हसलं. विठू क्षणभर अडखळला, पण अडखळून राहिला तर तो विठू कसला! "भक्ताला जोडतो, बाय! लय नम्र देव हाय आपला. चला, पुढचा नंबर!"

आता आगीचं सांगायला हवं. प्रजासत्ताक दिनानंतरच्या आठवड्यात वळजवळच्या एका गोदामाला रात्रपाळीत आग लागली. आत पुठ्ठा, फोम आणि परफ्यूमचे खोके होते. दोन दिवस धुमसत राहिली. सात देह बाहेर काढले. सहा ओळखले गेले, कुणाच्या हातातलं कडं, कुणाचे दात. सातवा ओळखण्यापलीकडे होता. दिनेश त्या रात्री लोडिंगला होता आणि सकाळी घरी आला नाही.

राखेतून एक स्टीलचा डबा निघाला. झाकण काळं पडून वाकलेलं होतं. पण त्यावर नाव घातलेलं होतं, लग्नात भांडी घेतली तेव्हा भांडेवाल्यानं टाक्यांनी कोरून दिलेलं, दिनेश आणि खाली तारीख. माधवीनं त्या रात्री त्या डब्यात वालाची भाजी आणि भाकरी दिली होती. डबा बघून तिला सगळं कळलं होतं. कळलं, आणि त्याच क्षणी आतून काहीतरी बंद झालं. नंतर आनंदीबाई म्हणाल्या, डबा म्हंजे काय मानूस हाय का? डबा तितं टाकून पोर पळाला असंल, भाजला असंल, कुटं दवाखान्यात पडला असंल. माधवीनं त्यालाही मान हलवली.

पोलीस ठाण्यातली भावना नावाची शिपाई दोनदा घरी येऊन गेली होती. तिचं म्हणणं साधं होतं. सातव्या देहाचा डीएनए काढून ठेवला आहे. आईचं किंवा मुलीचं थोडंसं रक्त दिलं तर जुळवून बघता येईल. आनंदीबाईंनी दोन्ही वेळा दार लावून घेतलं. "माज्या पोराला मारायला निगाली ही," त्या माधवीला म्हणाल्या. "पूर्वीच्या अंगाला सुई लागली तर माजं तोंड बगू नको."

पाचव्या गुरुवारी तिघी कौल घेऊन घरी पोचल्या तेव्हा भावना ओट्यावर बसलेली होती.

"ताई, पुढच्या शुक्रवारपर्यंतच ठेवता येईल," ती हळू आवाजात म्हणाली. "मग बेवारस म्हणून दफन करतील. तो तुमचा माणूस नसेल तर काही प्रश्नच नाही. पण असेल तर..."

माधवीला बेवारस हा शब्द ऐकू आला. बाकीचे आले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी पूर्वीच्या शाळेतल्या नेत्रा मॅडम घरी आल्या. हातात चित्रकलेची वही होती. मॅडम भिवंडीहून रिक्षानं ये-जा करायच्या, वर्गात हसवायच्या आणि गृहपाठ न केल्यास कान धरायच्या. त्या बौद्ध आहेत हे गावाला माहीत होतं.

"पूर्वीनं हे काढलंय," त्या म्हणाल्या. "कुठे बघितलं हे तिनं?"

चित्रात मौनीदेव होते. पोरीनं बारकाईनं काढले होते. तुटलेलं नाक, लांब कान, जोडलेले हात. उजवा खांदा मोकळा आणि डाव्या खांद्यावरून खाली येणाऱ्या वाकड्या रेघाच रेघा.

"हा देव नाही," मॅडम म्हणाल्या.

"झालं!" आनंदीबाई चुलीपाशी होत्या, तिथूनच फिरल्या. "आता तुमचा का तो? आमाला सापडला तर तुमचा झाला?"

"माझाही नाही, आजी. तो कुणाचाच देव नाही. शिष्य आहे. बुद्धांच्या मूर्तीच्या दोन बाजूंना असे शिष्य कोरायचे, गुरूकडे वळून हात जोडलेले. ज्यांना पूर्ण ज्ञान झालं त्यांना अर्हत म्हणतात. बघा, डोकं भादरलेलं आहे. उजवा खांदा उघडा आहे आणि डाव्या खांद्यावर चीवर आहे, भिक्षूचं वस्त्र. या रेघा म्हणजे त्याच्या चुण्या. याचा गुरू बाजूलाच कुठेतरी मातीत राहिला असेल नाहीतर फुटला असेल. हा बिचारा एकटाच वर आला आणि तुम्ही त्याला कामाला लावलं."

पूर्वी टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे तो गुरूच्या पाया पडतोय! मी विचारलेलं!"

आनंदीबाईंनी चहा ठेवला. मॅडमनी फळीवरचा काळा डबा बघितला, त्यावरचं नाव वाचलं, आणि त्या माधवीजवळ येऊन बसल्या.

"लहानपणी माझे आजोबा एक गोष्ट सांगायचे," मग त्या म्हणाल्या. "सारिपुत्त म्हणून बुद्धांचा सगळ्यात मोठा शिष्य. तो आपल्या गावी आजारी पडून गेला. बुद्ध लांब होते. चुंद नावाचा एक भिक्षू त्याचं भिक्षापात्र आणि चीवर घेऊन आला आणि म्हणाला, सारिपुत्त गेले, हे त्यांचं पात्र, हे चीवर. एवढीच खूण. बुद्धांनी काही तो जिवंत असेल असं म्हटलं नाही. नंतर भिक्षूंच्या सभेत बसले तेव्हा म्हणाले, ही सभा मला रिकामी वाटते."

"देव असून असं म्हनले?" आनंदीबाईंनी विचारलं.

"देव नव्हते ना. म्हणून म्हणाले."

मॅडम गेल्या. माधवीनं वही पुन्हा उघडली. डाव्या खांद्यावरच्या रेघांमध्ये पोरीनं पांढरा खडू भरला होता.

"हे पांढरं काय?" तिनं विचारलं. बऱ्याच दिवसांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"तिथं असतं तसं. खाचांत सुकलेलं. मी सगळ्यात पुढं उभी असते ना, मला दिसतं."

माधवीनं फळीवरचा डबा खाली घेतला. पाच गुरुवारच्या पाच पाकळ्या तिनं त्यात ठेवल्या होत्या. तगरीची पाकळी दोन दिवसांत मऊ पडून तपकिरी होते, चुरगळते. या पाकळ्या तपकिरी झाल्या होत्या, पण मऊ नव्हत्या. ताठ होत्या. तिनं एक वाकवली तर ती पापडासारखी मोडली.

माधवीचे वडील, दामू, जन्मभर सायझिंगमध्ये राबले. लूमवर चढवायचं सूत तुटू नये म्हणून त्याला पिठाची चिकट खळ पाजून ताठ करतात, ते काम. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या हातावरचे केस खळीनं कडक झालेले असायचे आणि लहानगी माधवी ते नखानं मोकळे करायची. मोडलेल्या पाकळीचा तुकडा तिनं जिभेवर ठेवला. थोड्या वेळानं तो बुळबुळीत झाला आणि तीच आंबूस चव आली.

खरं सांगायचं तर हे तिला दुसऱ्या गुरुवारीच कळलं होतं. विठूनं हातावर पाकळी ठेवली तेव्हाच बोटांनी ओळखलं होतं. तिनं बोटांचं ऐकलं नव्हतं, कारण ऐकलं असतं तर पुढचं सगळं ऐकावं लागलं असतं. ती डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. तिला ना राग आला ना रडू. फक्त शुक्रवार आठवला.

सहाव्या गुरुवारी रांग नेहमीपेक्षा मोठी होती. माधवीनं मॅडमना बोलावलं होतं. त्या अर्धी रजा टाकून आल्या होत्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या होत्या. आनंदीबाईंना यातलं काही माहीत नव्हतं.

विठूनं पाकळ्या लावल्या. डावी दाबून, उजवी नुसती टेकवून. तोंड उघडलं, "देवा मौनी, ह्या माऊलीचा..."

"मी विचारते," माधवी म्हणाली.

"तसं चालत न्हाय, वैनी. प्रश्न पुजाऱ्यानं घालायचा."

"माजा नवरा हाय. मीच विचारनार."

"विचारू दे की तिला!" मागून एक बाई म्हणाली. आणखी दोघी तिच्या बाजूनं बोलल्या. विठूनं हसून हात पसरले. काय विचारून विचारणार होती?

माधवी मूर्तीच्या समोर उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत. सहा आठवडे जे वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते तिनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं उच्चारलं.

"दिनेश मेला हाय का? मेला असंल तर उजवा दे."

आनंदीबाईंच्या तोंडून किंकाळी फुटली. त्या पुढे धावल्या, पण दोघींनी त्यांना धरलं. विठूचा हात मूर्तीकडे गेला आणि इतके डोळे बघून परत आला. शेडमध्ये पत्रा तापून टकटक वाजत होता. पाकळी उजव्या खांद्यावरून घसरली, दंडावर थांबली आणि खाली पडली.

कुणी ओरडलं नाही.

"गेल्या गुरुवारी जिता होता," माधवी त्याच सपाट आवाजात म्हणाली. "आज मेला. आता परत लाव."

"वैनी, देवाची अशी परीक्षा..."

"लगा ना भाई, लगा!" लूमवरच्या एका पोरानं फर्मावलं. विठूनं पाकळ्या लावल्या. "दिनेश जिता हाय का?" माधवीनं विचारलं. उजवी पडली. "विठू खोटा हाय का?" तिनं विचारलं. उजवी पडली. तेव्हा मात्र रांगेत हसू फुटलं, आणि ज्या गर्दीला हसू फुटतं ती गर्दी मग भीत नाही.

माधवी पुढे झाली आणि तिनं मूर्तीला हात लावला. तप मोडलं नाही, आकाशही कोसळलं नाही. डाव्या खांद्यावरच्या चुण्यांत नख घालून तिनं पांढरा पापुद्रा उचकटला आणि तळहातावर घेऊन सगळ्यांपुढे धरला.

"ही खळ हाय. सायझिंगची. माजा बाप हीच पाजत होता सुताला. हितं खाचा हायत, त्यांत भरून ठेवली की दिसत न्हाय. पाकळी चिकटली की चिकटली." मग तिनं उजव्या उघड्या खांद्यावर नख ओढलं. नखात मेणाची बारीक वळी आली. "आनि हितं मेनबत्ती घासली हाय. हितं पाकळी थांबनारच न्हाय. आपन काय बी विचारा, उजवीच पडनार. आपल्याला पायजे तसा प्रश्न विठू घालनार."

नेत्रा मॅडम पुढे आल्या. त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं दोन्ही खांदे धुतले, पदरानं पुसले आणि दोन नव्या पाकळ्या साध्या पाण्यात बुडवून लावल्या. "आता कुणीही काहीही विचारा." कुणी विचारायच्या आतच, शेडमधल्या पंख्याच्या वाऱ्यानं आधी डावी पडली, मग उजवी.

"पन मॅडम," अंबाडीच्या एका म्हातारीनं विचारलं, "एवडा मोठा ज्ञानी मानूस तो, मंग त्याच्या अंगात काय शक्ती नव्हती?"

"जुनी गोष्ट आहे, मावशी. एका शेटजीनं उंच बांबूला चंदनाचं पात्र टांगलं आणि म्हणाला, कुणी खरा अर्हत असेल तर उडून घेऊन दाखवावं. बुद्धांचा एक शिष्य म्हणे उडाला आणि घेऊन आला. गाव सगळं त्याच्या मागे. बुद्धांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, एका लाकडी वाडग्यासाठी तमाशे करतोस? ते पात्र फोडायला लावलं आणि शिष्यांना चमत्कार दाखवायची बंदी केली. उडण्याचं खरं की खोटं ते सोडा, पण ज्यांच्या गुरूनं अशी बंदी केली, त्यांच्यातल्याच एकाच्या खांद्यावर यानं दुकान थाटलं!"

विठू भिंतीला टेकला होता. पळून जायला मागचं दार होतं, पण त्या दारात आता सुपरवायझर उभा होता आणि त्यालाही पळायचं होतं.

"मी कुनाचं वाईट केलं?" विठू एकदम म्हणाला. आवाजातला देव गेला होता, साइटवरचा वॉचमन उरला होता. "धीर दिला लोकांना. ह्या म्हातारीला विचारा, पाच गुरुवार झोप लागली का न्हाय? खरं सांगून काय मिळनार होतं तिला?"

माधवीनं त्याच्याकडे नीट बघितलं. मेलेल्या माणसाची आई एकदाच येते, हरवलेल्याची आई दर गुरुवारी येते, हा हिशेब त्यानं केलेला होता की त्याच्याकडून आपोआप झाला होता, हे तिला कळेना.

"झोप लागली," ती म्हणाली. "पन तो तिकडं बर्फात एकटाच पडला हाय. नाव न्हाय, गाव न्हाय. उद्या त्याला बेवारस म्हनून पुरनार होते. तू त्याला बेवारस केलंस."

हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

आनंदीबाई खाली बसल्या होत्या. त्यांनी माधवीच्या तळहातावरचा पापुद्रा उचलला, जिभेला लावला आणि थुंकला. मग त्या मूर्तीकडे बघत राहिल्या, जोडलेल्या हातांकडे, मिटलेल्या डोळ्यांकडे.

"ह्याचा बी कुनी गेला असंल," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

विठूला पोलिसांनी त्याच दिवशी नेलं. मूर्तीची खबर मॅडमनी तहसील कार्यालयात दिली, कारण जमिनीत सापडलेली जुनी मूर्ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नसते. न्यायला माणसं येईपर्यंत ती शेडमध्येच होती. लोक येऊन बघून जात होते. काही जण नमस्कारही करत होते, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती.

शुक्रवारी सकाळी सरकारी दवाखान्यात भावना कागद घेऊन उभी होती. नर्सनं पूर्वीला स्टुलावर बसायला सांगितलं. पूर्वीनं डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला.

"थांबा," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी पूर्वीला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसल्या, चोळीची बाही वर सारली आणि सुरकुतलेला दंड नर्सपुढे धरला. "पोर लहान हाय. माजं घ्या. आई मी हाय त्याची."

सुई आत गेली. माधवी दाराला धरून उभी होती. नळीतून लाल रेघ वर चढताना बघता बघता ती दारातच खाली बसली आणि रडली. सहा आठवड्यांचं रडली. भावनानं पाणी आणलं, पूर्वीनं तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि आनंदीबाई दंडावर कापूस धरून तशाच बसून राहिल्या.

दफन थांबलं. पंधरा दिवसांनी अहवाल आला. दिनेशच होता. गावच्या स्मशानात त्याच्या नावानं त्याला अग्नी दिला आणि डबा घासूनपुसून पुन्हा फळीवर गेला.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही कुणाला हात जोडावेत हे सांगायला ही गोष्ट लिहिलेली नाही. तो तुमचा प्रश्न. फक्त कुणी तुम्हाला देवाचा होकार आणून दिला, तर घरी जाण्याआधी एकदा उलटा प्रश्न विचारून बघा. त्यालाही होकारच आला, तर देवाला सोडा आणि पाकळ्या लावणाऱ्याचा हात धरा.